व्हिसा खरा होता

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतली एक मुलगी मोबाइल घेऊन माझ्याकडे आली. "काकू, तुम्ही तिकडं जाऊन आलाय ना, जरा हे बघा." एजंटचा मेसेज होता. यूकेत केअर वर्करची नोकरी, एकूण 8 लाख, टोकन 1 लाख. आधी व्हिजिटर व्हिसावर जायचं, तिथं पोचल्यावर त्याचा वर्क व्हिसा करून देऊ. मी तिला आत घेतलं आणि परत आल्यापासून कुणापुढं न उघडलेली फाइल तिच्यासमोर ठेवली. त्या फाइलीतलंच इथं लिहिते आहे.

मी मिरजेची. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा झालेली, एका खासगी रुग्णालयात रात्रपाळीला. पगार 17 हजार. फेब्रुवारी 2022 मध्ये ब्रिटननं केअर वर्करला मनुष्यबळ कमी असलेल्या कामांच्या यादीत घेतलं आणि आमच्या नर्सेसच्या ग्रुपवर रोज कुणाचा ना कुणाचा विमानतळावरचा फोटो येऊ लागला. म्हाताऱ्या माणसांना अंघोळ घालणं, जेवण भरवणं, औषधं देणं, हे तर मी इथंही करतच होते.

एजंटचं पुण्यात ऑफिस होतं. त्यानं हिशेब लिहून दिला: सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिपचे (तिथली कंपनी नोकरी देते आहे, याचा दाखला) 9 लाख, तीन वर्षांचा हेल्थ सरचार्ज (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठीची फी) 1 लाख 90 हजार, बाकी व्हिसा फी, तिकीट, फाइल, सगळे मिळून 14 लाख. पतसंस्थेचं 5 लाखांचं कर्ज, माझ्या पाटल्या आणि हार सोनेतारण ठेवून 3 लाख, आणि सासऱ्यांनी निवृत्तीच्या पैशांतून दिलेले 6 लाख. पावती मिळाली फक्त 50 हजारांची, तीही 'कन्सल्टेशन फी' म्हणून. उरलेलं सगळं रोख.

आम्ही डोळे झाकून गेलो नव्हतो. माझ्या भावानं होम ऑफिसच्या, म्हणजे ब्रिटनच्या गृहखात्याच्या, लायसन्सधारक स्पॉन्सरांच्या (परदेशातून माणसं बोलवायची परवानगी असलेल्या कंपन्यांच्या) यादीत आमच्या कंपनीचं नाव शोधलं. नाव होतं. सर्टिफिकेटचा नंबर खरा होता, व्हिसाही खरा होता. सगळे म्हणतात बनावट व्हिसापासून जपा. माझ्या फाइलीत एकही कागद बनावट नव्हता. खोटं होतं ते काम.

नोव्हेंबर 2023 मध्ये मी लेस्टरला पोचले. कागदावर आठवड्याला 39 तास, तासाला 10.75 पौंड. दोन दिवसांचं ट्रेनिंग झालं आणि मग मॅनेजर म्हणाला, शिफ्ट आल्या की कळवतो. महिनाभरानं सांगितलं की काम घरोघरी जाऊन करायचं आहे, त्यामुळं तुला गाडी चालवता आली पाहिजे. इथं असताना ड्रायव्हिंगचा शब्दही कुणी काढला नव्हता. पाच महिन्यांत मला 11 शिफ्ट मिळाल्या. एका घरात आम्ही सात जणी, सगळ्यांची हीच गत. जास्त विचारलं की मॅनेजर म्हणायचा, स्पॉन्सरशिप काढून घेईन. त्या धमकीला आम्ही घाबरायचो, कारण व्हिसा त्या कंपनीला बांधलेला असतो. दुसरीकडं पूर्णवेळ काम करायचं तर नवा स्पॉन्सर आणि नवा अर्ज लागतो. सरकारी मदत मागायचा हक्क नसतो. कित्येक दिवस गुरुद्वाऱ्याच्या लंगरमध्ये जेवले. तिथल्या मावशी मला घरी न्यायला डब्यात पोळ्या बांधून द्यायच्या. त्यांचे उपकार मी फेडू शकत नाही.

मे 2024 मध्ये पत्र आलं. कंपनीचं लायसन्स रद्द झालं होतं. 60 दिवसांत नवा स्पॉन्सर मिळवा, नाहीतर देश सोडा. चाळीसेक केअर होम्सना अर्ज केले. एका मध्यस्थानं नव्या सर्टिफिकेटचे 6 हजार पौंड मागितले. जुलैत मी परत आले. पुढं वाचलं की जुलै 2022 ते डिसेंबर 2024 या काळात केअर क्षेत्रातल्या 470 हून अधिक कंपन्यांची लायसन्स रद्द झाली.

ज्या सर्टिफिकेटचे मी 9 लाख मोजले, त्याची फी त्या वेळी अडीचशे पौंडांच्या आत होती, म्हणजे साधारण 25 हजार रुपये, आणि ती स्पॉन्सर कंपनीनं होम ऑफिसला भरायची असते. माझा व्हिसा होता त्या हेल्थ अँड केअर व्हिसाला हेल्थ सरचार्ज माफ आहे. म्हणजे ते 1 लाख 90 हजार कुठल्याच सरकारला गेले नाहीत. हे होम ऑफिसच्या साइटवर उघड लिहिलेलं आहे. आम्ही कंपनी खरी की खोटी एवढंच तपासलं, पैसे कशाचे मागताहेत ते तपासलंच नाही.

आणि एजंट. परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्याला 1983 च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी लागते. त्याचं नाव भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर दिसतं आणि त्याला उमेदवाराकडून 30 हजार रुपये अधिक जीएसटी, याहून जास्त घेता येत नाही. आमच्या एजंटनं सांगितलं होतं, "ताई, ती नोंदणी फक्त आखाती देशांसाठी असते." आम्ही विश्वास ठेवला.

आता त्या मुलीच्या मेसेजबद्दल, कारण असे मेसेज अजून फिरताहेत. 11 मार्च 2024 पासून नव्यानं जाणाऱ्या केअर वर्करला नवरा-बायको-मुलं नेता येत नाहीत. 22 जुलै 2025 पासून तर परदेशातून नव्या केअर वर्करची भरतीच बंद झाली आहे. व्हिजिटर व्हिसावर गेलेल्याला तिथं राहून वर्क व्हिसा करून घेता येत नाही. 'जुना कोटा शिल्लक आहे' असं कुणी सांगत असेल तर असा कोटा नाही.

माझी तक्रार पोलिसांत आहे, मुंबईच्या प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सकडेही (परदेशी नोकरीला जाणाऱ्यांसाठीचं सरकारी कार्यालय) आहे. रोख दिलेल्या रकमेचा पुरावा म्हणून माझ्याकडं त्यानं हातानं लिहिलेला तो हिशेबाचा कागद तेवढा आहे. एजंटचं ऑफिस बंद आहे. पतसंस्थेचा हप्ता 2028 पर्यंत चालेल.

मुलीनं टोकन अजून भरलेलं नाही. तिच्या वडिलांना मात्र वाटतं की माझं नशीब वाईट होतं, सगळ्यांचंच तसं होत नाही. आज संध्याकाळी ते येणार आहेत. फाइल टेबलावर काढून ठेवली आहे, हिशेबाचा कागद सगळ्यांत वर.