बोट मशीनमध्ये गेलं तर: ईएसआय (सरकारी कामगार विमा) की मालकाकडून भरपाई?
भोसरीत प्रेसवर शेजारच्या पोराची दोन बोटं गेली, रुमालात हात गुंडाळून रिक्षात बसवला तेव्हा पहिला प्रश्न हाच, ईएसआय कार्ड आहे का? पगार २१,००० पर्यंत आणि कार्ड असेल तर उपचार फुकट, घरी बसलात तरी रोजाच्या ९०% पैसे खात्यात, मालकाच्या मागे फिरायला नको. नसेल तर १९२३ च्या कामगार भरपाई कायद्यापासून चालत आलेली वाट, पैसे मालकाने द्यायचे, बरं होईपर्यंत निम्माच पगार, आणि तो नाही म्हणाला की भरपाईचे दावे ऐकायला सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे अर्ज, मग तारखा. हां, कायमचं अपंगत्व आलं तर मालकाच्या वाटेने वय-पगार बघून रक्कम एकदम मिळते, ईएसआयमध्ये दरमहा. एकाच अपघाताचे पैसे दोन्हीकडून घेता येत नाहीत, एकच वाट. मला विचाराल तर ईएसआयच बरं, फक्त अपघाताची नोंद त्याच दिवशी करून घ्या, कोऱ्या कागदावर सही अजिबात करू नका.