केमिस्ट्री शिकवणाऱ्यांसाठी विद्यापीठाचा वर्षभराचा कोर्स, माझा अनुभव

करू का नको असं बऱ्याच जणी विचारताहेत म्हणून लिहितेय. केमिस्ट्री कशी शिकवावी यावरच रिसर्च करणाऱ्या विद्यापीठातल्या एका ग्रुपचा कोर्स आहे, सहा दिवस तिकडे जायचं आणि मग वर्षभर आपल्याच वर्गात त्यांची मदत.

जायच्या आधी एक काम दिलं होतं, उकळत्या पाण्यातल्या बुडबुड्यात काय असतं याचं चित्र मुलांकडून काढून आणा. मी गठ्ठा चाळत होते तर कुणी हवा दाखवलेली, कुणी हायड्रोजन आणि ऑक्सिजन सुटे, आणि समीकरण बॅलन्स करण्यात कधीच न चुकणाऱ्या एका मुलीनं तर बुडबुड्यात वेगवेगळे गोळे काढून शेजारी पाण्याच्या विघटनाचं समीकरण लिहिलेलं, तेही अगदी बरोबर बॅलन्स केलेलं. तो कागद मी कितीतरी वेळ हातातच धरून बसले. अहो, वाफ असते तिथं, पाणीच असतं! एक मोल पाणी, म्हणजे साधारण १८ ग्रॅम, उकळायला साधारण ४१ किलोज्यूल लागतात, आणि त्याचं हायड्रोजन-ऑक्सिजन करायचं तर २८६, म्हणजे सातपट.

तिथं कळलं की न्यूझीलंडमधल्या मुलांनीही हेच हायड्रोजन-ऑक्सिजनचं उत्तर दिलं होतं, ऑस्बर्न आणि कॉसग्रोव्ह यांचा तो अभ्यास १९८३ सालचा. मग ग्लासगोच्या जॉनस्टन यांचा त्रिकोण समजावला, डोळ्यांना दिसतं ते, कणांच्या पातळीवर घडतं ते आणि फळ्यावर लिहितो ती चिन्हं, आपण शिक्षक या तिन्हींत सहज उड्या मारतो पण नवख्या मुलाला एकदम तिन्ही डोक्यात धरता येत नाहीत. हे ऐकताना त्या मुलीचं ते समीकरण डोळ्यांसमोरून हलेना.

पण या कोर्सचा खरा जीव म्हणजे नंतरची साथ. त्यांच्या मॅडम वर्षात तीनदा येऊन मागच्या बाकावर बसल्या, मार्क देणं नाही, फॉर्म भरणं नाही, फक्त मी काय बोलले आणि मुलं काय बोलली ते शब्दन् शब्द लिहून घेतलं आणि तासानंतर आम्ही दोघींनी ते वाचलं. त्यात माझं वाक्य होतं, "उकळताना रेणूंमधले बंध तुटतात." मॅडमनी विचारलं, रेणूंमधले म्हणजे रेणूच्या आतले की दोन रेणूंच्या मधले? मला म्हणायचं होतं दोन रेणूंच्या मधले, मुलांनी ऐकलं आतले, आणि इतकी वर्षं मी हेच वाक्य बोलत आलेय. आता मी "एका रेणूला दुसऱ्याशी धरून ठेवणारं आकर्षण" असं पूर्ण म्हणते आणि समीकरणाच्या आधी कणांचं चित्र काढायला लावते, वेळ जातो, पण मुलं स्वतःहून विचारतात की मॅडम रेणू अख्खाच राहिला ना.

न आवडलेलं पण सांगते. पहिले दोन दिवस नुसत्या स्लाइड्स, आणि रिसर्च पेपर वाचायला दिले ते इतक्या जड इंग्रजीत की आमच्यातले काही जण तिथंच गप्प झाले, आधी वर्गातली चित्रं आणि मग थिअरी असं हवं होतं. ऑनलाइन मीटिंग नेमक्या पेपर तपासायच्या दिवसांत. आणि सगळ्यात राग आला तो याचा की कोर्स संपला त्याच दिवशी जर्नलचं लॉगिन बंद, खरी गरज तर आता आहे.

तरी मी म्हणेन जा. फक्त मुख्याध्यापकांकडून आधीच कबूल करून घ्या की मॅडम येतील त्या दिवशी पुढचा तास मोकळा मिळेल, माझ्या एका भेटीला तो मिळाला नाही आणि ती भेट जवळजवळ वायाच गेली. कोर्समधल्या आम्ही चौघी अजून महिन्यातून एकदा भेटतो, सध्या मीठ पाण्यात विरघळतं त्याची चित्रं गोळा करतोय, आणि निम्म्या मुलांनी सोडियम क्लोराइडच्या जोड्या तशाच तरंगत ठेवल्यात, खरं तर पाण्यात सोडियम आणि क्लोराइड सुटे होतात.