सात महिने, दोन पॅड आणि एक नाठाळ ट्रान्झिस्टर

स्नेअर, म्हणजे खरखरीत "ट्याश्श" वाजणारा ड्रम, गेला नसता तर हे लिहायला बसलोच नसतो. घरी बनवलेला दोन पॅडचा (एक स्नेअर, दुसरा किक म्हणजे जाड "धुम्" वाजणारा) इलेक्ट्रॉनिक ड्रम सात महिने रोज रात्री हेडफोन लावून बडवतोय. गेल्या महिन्यात स्नेअरमधली खरखर हळूहळू विरायला लागली. आधी वाटलं, आपलेच कान थकले. मग लेक येऊन चार काठ्या मारून गेली आणि म्हणाली, "बाबा, हा आता रिकामा डबा वाजतोय." खरं होतं तिचं. "ट्याश्श" गेला होता, नुसता "टुम्" उरला होता.

सर्किट नेहमीचंच. पॅडखाली पिएझोची चकती (ठोका बसला की वीज देणारी), पुढे टीएल०७२ ही सिग्नल वाढवणारी ऑप-अँप चिप, तिच्याभोवती दोन कॅपॅसिटर आणि दोन रेझिस्टन्सचं ब्रिज्ड-टी जाळं, आणि ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी. ठोका पडला की जाळं घंटेसारखं वाजतं आणि विझतं. रोलंडच्या १९८० सालच्या टीआर-८०८ या ड्रम मशीनमधला किक याच जातीचा, त्यामुळे आपण काही नवा शोध लावलेला नाही.

आधी किकचं कौतुक, कारण तो एकदाही रुसला नाही. दोन्ही कॅपॅसिटर १०० नॅनोफॅरॅड, वरचा रेझिस्टन्स १ मेगओहम, खालचा १ किलोओहम. सूर येतो ५० हर्ट्झच्या आसपास. यातली गंमत मला दुसऱ्या महिन्यात कळली. आवाज किती वेळ घुमणार हे वरचा रेझिस्टन्स आणि कॅपॅसिटर मिळून ठरवतात: १ मेगओहम गुणिले १०० नॅनोफॅरॅड, म्हणजे ०.१ सेकंद. खालच्या रेझिस्टन्सचा त्यात काही संबंधच नाही. तो फक्त सूर हलवतो. चौथा हिस्सा केला की सूर दुप्पट. म्हणजे खाली एक पॉट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टन्स) लावला की घुमणं तेवढंच ठेवून किकचा टॉम, म्हणजे वरच्या सुराचा ड्रम, करता येतो. पहिले दोन महिने मी यासाठी कॅपॅसिटर उपटत आणि डकवत बसलो होतो. सोल्डर वाया गेलं ते वेगळंच.

कॅपॅसिटरवरून आठवलं. "१०४" छापलेल्या स्वस्त सिरॅमिक चकत्या इथे लावू नका. मी लावल्या होत्या, डब्यात पडून होत्या म्हणून. खोली तापली की किकचा सूर सरकायचा. पॉलिस्टरचे लावले आणि विषय संपला.

आता गुणगुण. तिसऱ्या महिन्यात बॅटरीचा खर्च डोळ्यांवर आला म्हणून जुना ९ व्होल्टचा अडॅप्टर जोडला, तर हेडफोनमध्ये अखंड "हूं". घरातली वीज ५० हर्ट्झची, माझा किकही ५० हर्ट्झचा, आणि हे जाळं आपल्या सुराला जवळजवळ पाचशे पट वाढवतं. वायरीतून आलेली जराशी गुणगुण ते आवडीने उचलणारच! खालचा रेझिस्टन्स ६८० ओहमचा केला, किक ६१ हर्ट्झवर गेला, गुणगुण बरीच उतरली. पण त्याच वेळी स्नेअर मात्र बॅटरीपेक्षा फिका वाजत होता. मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. अडॅप्टर भिकार आहे असं ठरवून पुन्हा बॅटरीवर आलो. उत्तर तेव्हाच समोर होतं.

तर स्नेअर. त्यात दोन आवाज मिसळतात. एक १८७ हर्ट्झचा ठोका, तो किकसारखाच बनतो. दुसरी खरखर, आणि ती एका बीसी५४७ ट्रान्झिस्टरमधून येते. त्याच्या तीन पायांपैकी कलेक्टर मोकळा सोडायचा आणि उरलेल्या एमिटर-बेसला उलटा व्होल्टेज द्यायचा. त्यांच्यातला आतला जोड फुटायला लागला, म्हणजे उलटा प्रवाह अडवेनासा झाला, की त्यातून विजेचा प्रवाह वेडावाकडा सांडतो, तोच आवाज. छान युक्ती, पैशांत जवळपास फुकट. माझा याच्यावर इतका विश्वास होता की खरखर गेली तेव्हा मी सगळ्यांवर संशय घेतला, याच्यावर सोडून. पिएझोच्या वायरी पुन्हा डकवल्या. टीएल०७२ बदलली. झिरो पीसीबीवरचा (भोकाभोकांच्या पट्टीवरचा) सोल्डरचा प्रत्येक जोड भिंगाखाली पाहिला. एक पूर्ण रविवार गेला. तेव्हा ओळखीच्या दोघातिघांना सांगूनही टाकलं होतं, "किक बनवा, स्नेअरच्या नादी लागू नका."

ते शब्द मागे घेतो. दोष सर्किटचा नव्हता, माझ्या कंजूषपणाचा होता.

मल्टिमीटर लावला तर बॅटरी ८.३ व्होल्ट. माझ्या दृष्टीने ही बॅटरी अजून तरुण. किक तर ७.४ पर्यंत कुरकुर न करता वाजतो. पण बीसी५४७ चा तो जोड माझ्याकडे फुटत होता ८.६ व्होल्टला! नवी बॅटरी ९.५ दाखवते तेव्हा त्याला हवा तो दाब मिळतो. बॅटरी थोडी बसली की दरवाजा बंद. अडॅप्टर मोजला, तो नेमका ९.० देत होता, म्हणून तिथे स्नेअर फिका. उगाच शिव्या खाल्ल्या बिचाऱ्याने.

शहाण्या माणसाने १२ व्होल्ट दिले असते, टीएल०७२ ला ते सहज चालतात. मी दोन वापरलेल्या बॅटऱ्या एकापुढे एक जोडल्या, मध्ये १०० किलोओहम टाकला आणि घरातले बीसी५४७ च्या जातीचे (एनपीएन) सगळे ट्रान्झिस्टर एकेक करून मोजले. तेवीस. एकाच पट्टीतले नवे बीसी५४७ सगळे ८.४ ते ८.८ च्या दरम्यान, जणू भावंडं. डेटाशीटमध्ये ६ व्होल्ट लिहिलंय, पण ती हमी आहे की त्याच्या आत फुटणार नाही. नंतर कुठे फुटेल हे ज्याचं त्याचं. एकविसावा निघाला एका मेलेल्या रेडिओतून उपटलेला, वरचा नंबर पुसलेला: ७.१ व्होल्ट. आवाजही दमदार, हेडफोनमध्ये पत्र्यावर पाऊस पडल्यासारखा. मोजून झालेल्या सगळ्यांना मात्र वेगळ्या पुडीत टाकलं, कारण एकदा असा उलटा मार खाल्लेल्या ट्रान्झिस्टरची वाढवण्याची ताकद कमी होते, त्यांना पुन्हा अँप्लिफायरमध्ये लावायचं नाही.

बाकी किरकोळ. किकवर मारलं की स्नेअरही कुजबुजायचा, दोन्ही पॅड एकाच फळीवर होते म्हणून. खाली पॅकिंगचा जाड फोम घातला, थांबलं. पिएझोला समांतर १ मेगओहम आणि दोन १एन४१४८ डायोड टाकायला विसरू नका, जोरात काठी पडली की ती चकती दहा-वीस व्होल्ट सहज फेकते आणि माझी पहिली चिप बहुधा त्यातच गेली. हाय-हॅट (झांजेसारखा "त्स्") केलेला नाही. ८०८ सारखा करायचा तर त्याला सहा ऑसिलेटर (सतत सूर काढणारी सर्किटं) लागतात, आणि माझ्याकडे तेवढा धीर उरलेला नाही.

रेडिओवाला ट्रान्झिस्टर लावून आज बावीस दिवस झाले. बॅटरी तीच जुनी, काल रात्री ७.८ दाखवत होती आणि स्नेअर खणखणीत होता. लेकीला बोलावून ऐकवला. तिने दोन काठ्या मारल्या, बॅटरीकडे पाहिलं आणि विचारलं, "ही अजून तीच?"