पाइपांचं आवरण शिकवणारी पगारी ॲप्रेंटिसशिप: माझा चार वर्षांचा अनुभव

पाइप, डक्ट, टाक्या, बॉयलर यांच्यावर आवरण चढवायचं काम म्हणजे मेकॅनिकल इन्सुलेशन. गरम लाइनची उष्णता वाया जाऊ नये, थंड लाइनला घाम फुटू नये आणि हात लागून कुणी भाजू नये, म्हणून ते करतात. मी ते पगारी ॲप्रेंटिसशिपमध्ये शिकले.

पहिले तीन महिने ग्लासवूलचे (काचतंतूंच्या लोकरीचे) गठ्ठे वाहण्यात आणि कापण्यात गेले. अंगाला खाज सुटते, त्यामुळे पूर्ण बाह्या, मास्क, गॉगल हवेतच आणि कामाचे कपडे घरच्यांच्या कपड्यांत धुवायचे नाहीत. माझ्या मापाचे हातमोजे मात्र दोन महिन्यांनी मिळाले. ढगळ मोज्यांत धारदार सुरी नीट धरता येत नाही. याबद्दल माझी आजही तक्रार आहे.

खरं शिकले ते थंड पाण्याच्या एका लाइनवर. रबर फोमच्या दोन्ही कडांना ॲडेसिव्हचा पातळ हात मारायचा, बोटाला चिकटून येणार नाही इतकं वाळू द्यायचं आणि मगच कडा दाबायच्या. मी घाई केली. त्यात तुकडा बोटभर आखूड पडला, तो ताणून बसवला. बाहेरून काम झकास दिसत होतं. दोन आठवड्यांनी आमच्या मिस्त्रींनी मला बोलावून तोच जोड सुरीने उघडला. आत पाइपावर थेंब जमले होते आणि वेल्डपाशी तांबूस डाग पडला होता. ताणलेला फोम मागे सरकला होता. त्या फटीतून दमट हवा आत शिरली, गार पाइपावर तिचं पाणी झालं आणि ते तिथंच अडकलं. पाइप असा झाकल्या जागीच गंजतो, बाहेर कुणाला पत्ता लागत नाही.

मिस्त्री एवढंच म्हणाले, "आता पुढचे चार मीटर पण उघड." सगळं उघडून नव्याने लावायला पूर्ण दिवस गेला. त्या दिवसाचा पगार मला पूर्ण मिळाला. आपली चूक स्वतःच्या हाताने उघडून बघायला मिळते आणि घरही चालतं, म्हणून मी ही ॲप्रेंटिसशिप मनापासून सुचवते.

आठवड्यातून एक दिवस वर्ग असायचा. ११४ मिमीच्या पाइपावर ५० मिमी जाडीचं रॉकवूल (दगडापासून केलेली लोकर) चढवलं की बाहेरचा व्यास २१४ होतो, घेर साधारण ६७२, ओव्हरलॅपचे ४० धरून त्यावर गुंडाळायचा पत्रा ७१२ मिमी कापायचा. हे गणित आता झोपेतही येतं. एल्बोच्या (पाइपाच्या वळणाच्या) पाकळ्या कागदावर आखून मग पत्र्यावर उतरवायला फार छान शिकवलं. आडव्या लाइनवर पत्र्याची शिवण बाजूला ठेवायची, वरची कड खालच्या कडेवर आणायची, म्हणजे पाऊस आत न जाता ओघळून जातो. जुन्या लाइनच्या आवरणात ॲस्बेस्टॉस (श्वासातून गेल्यास घातक तंतू) असू शकतं, तपासणी झाल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही, हेही पहिल्या वर्षीच बजावलं होतं.

व्हॉल्व्हची काढता येणारी जॅकेटं आणि मालाचा अंदाज काढणं मात्र शेवटच्या महिन्यात उरकलं. ते पुढे साइटवर विचारून विचारून शिकावं लागलं.

जाणार असाल तर हातमोज्यांचं माप पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.