स्टुब आणि मारिन: फिनलंडच्या पंतप्रधानपदाच्या दोन वाटा

अलेक्झांडर स्टुब यांची वाट पुस्तकी. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची पीएचडी, 2004 मध्ये युरोपीय संसद, 2008 मध्ये थेट परराष्ट्रमंत्री. तोवर ते फिनलंडच्या संसदेत निवडूनही आले नव्हते!

सना मारिन मात्र दुकानात गल्ल्यावर काम केलेल्या, ताम्पेरेच्या नगरपरिषदेतून वर आलेल्या. ट्रामच्या प्रश्नावरून तापलेल्या सभेत लांबण लावणाऱ्या नगरसेवकांना अध्यक्षपदावरून त्या कशा आवरतात, ते व्हिडिओत बघण्यासारखं आहे. 2019 च्या जूनमध्ये वाहतूकमंत्री, डिसेंबरात, वयाच्या 34 व्या वर्षी पंतप्रधान. मला हीच तालीम जास्त कसदार वाटते.

पण टिकलं कोण? 2023 मध्ये सत्ता गेल्यावर मारिन यांनी खासदारकीही सोडली. स्टुब 2016 मध्ये पक्षाचं अध्यक्षपद गमावून बाजूला पडले होते; 2024 मध्ये राष्ट्राध्यक्ष म्हणून परतले.