कमाटीबागेतली रविवारची मोफत दौड: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

मोफत दौड चांगली की वाईट, हे सगळ्यात पुढे पळणाऱ्यांना विचारू नये. ते कुठेही खूश असतात. सर्वांत मागून येणाऱ्याला विचारावं. बडोद्याच्या सयाजीबागेत, म्हणजे आपल्या कमाटीबागेत, रविवारी सकाळी होणारी पाच किलोमीटरची दौड या कसोटीला उतरते. सगळ्यांच्या मागे एक स्वयंसेवक चालत राहतो आणि शेवटचा माणूस येईपर्यंत घड्याळ बंद होत नाही. तासाभरात चालत पूर्ण केली तरी वेळ नोंदवली जाते.

ही पद्धत मूळची लंडनच्या बुशी पार्कमधली. २ ऑक्टोबर २००४ रोजी पॉल सिंटन-ह्युइट यांनी तिथे १३ जणांना घेऊन दौड सुरू केली आणि त्यातून पार्करन ही मोफत साप्ताहिक दौडींची संस्था उभी राहिली. बडोद्याचा गट त्यांचा नाही, स्वतंत्र आहे. पण दर आठवड्याला, पाच किलोमीटर, विनाशुल्क आणि सगळं काम स्वयंसेवकांकडून, ही चौकट तीच.

नोंदणी फोनवरून एकदाच करायची. त्यात तातडीच्या संपर्कासाठी घरी असलेल्या माणसाचा नंबर द्या. बरेच जण सोबत पळणाऱ्या मित्राचाच देतात आणि वेळ आली की तो फोन गाडीच्या डिकीत वाजत बसतो. निदान पंधरा मिनिटं आधी पोचा. नवख्यांना मार्ग समजावतात ती पाच मिनिटं चुकवू नका, कारण फेऱ्या मारायच्या असल्याने कितवी फेरी चालू आहे याचा घोळ हमखास होतो. घड्याळावरच्या अंतरावर विसंबू नका. दाट झाडांखाली जीपीएस शंभर-दीडशे मीटर सहज चुकतं. रस्त्यावरच्या खडूच्या खुणा पाहा.

आता वेळ नोंदवण्याबद्दल, कारण तक्रारी याच ठिकाणी होतात. शेवटच्या रेषेवर एक जण प्रत्येक माणसामागे घड्याळाचं बटण दाबतो, पुढे दुसरा क्रमाने आकड्याचं टोकन देतो आणि मग टेबलावर टोकनाच्या आकड्यासमोर नाव लिहिलं जातं. म्हणजे वेळ तुमच्या नावाला नाही, क्रमाला चिकटलेली असते. कोणी रेषा ओलांडून टोकन न घेता पाण्याकडे वळला, तर त्याचं टोकन मागच्याला जातं आणि तिथून पुढे प्रत्येकाला आपल्या पुढच्याची वेळ मिळते. तेव्हा रेषेनंतर कोणालाही ओलांडायचं नाही, रांग सोडायची नाही आणि टोकन खिशात घालून घरी न्यायचं नाही. एकाच्या घाईने मागच्या सगळ्यांचा निकाल बिघडतो.

पळण्यात चूक होते ती पहिल्या किलोमीटरला. गर्दीसोबत सहा मिनिटांत किलोमीटर निघून जातो, दुसऱ्यात बरगडीखाली चमक येते आणि उरलेले तीन शिक्षा वाटतात. पहिल्या वेळी किलोमीटरला आठ मिनिटं ठेवा, चाळीस मिनिटांत होते. तेही जड वाटत असेल तर दोन मिनिटं पळा, एक मिनिट चाला, पण हे सुरुवातीपासून. दमल्यावर चालायला लागलात तर त्याचा उपयोग उरत नाही. शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येत असेल तर गती बरोबर आहे. चमक आलीच तर थांबू नका. चाल कमी करा आणि श्वास सावकाश, पूर्ण सोडा.

बुटात अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी आणि मोजे सुती नकोत. सुती मोजा घामाने भिजतो, घासतो आणि फोड आणतो. नवे बूट त्याच दिवशी पहिल्यांदा घालू नका. तासभर आधी एक केळं पुरे. पाणी मात्र उठल्या उठल्या एक-दोन पेले प्या, कारण वाटेत मिळत नाही.

ही या दौडीची मोठी उणीव आहे. पाणी फक्त शेवटी असतं. एप्रिल-मे महिन्यांत, पारा दुपारी चाळिशी ओलांडतो तेव्हा सकाळही उबदारच असते. त्या दिवसांत अर्ध्या वाटेवर एक टेबल हवंच, तेही मागच्यांसाठी, कारण उन्हात जास्त वेळ तेच असतात. सामान ठेवायची सोय नाही, म्हणून किल्ली आणि फोन कमरेच्या पट्ट्यात ठेवा. पावसाळ्यात फरशीच्या पट्ट्यावर शेवाळ धरतं, वळणावर पावलं आखूड टाका. विश्वामित्रीला पूर आला की दौड रद्द धरायची. त्या नदीत मगरी आहेत आणि पुरात त्या काठ सोडून वर येतात.

बाग सकाळी फिरायला येणाऱ्यांची आधी आहे, आपली नंतर. डावीकडून पळा, तिघे-चौघे एका ओळीत नको. आजी-आजोबांच्या मागून धडधडत जाण्यापेक्षा दोन पावलं आधी आवाज द्या.

संपल्यावर लगेच बसू नका, पाच मिनिटं चाला. सेवउसळ खुशाल खा, अर्ध्या तासाने. पिंडऱ्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त दुखतात आणि ते ठीक आहे. एकाच बिंदूवर टोचणारं दुखणं असेल तर पुढचा रविवार सोडा, पण बागेत जा. टोकन द्यायला माणसं नेहमी कमी पडतात आणि ते काम पाच मिनिटांत शिकता येतं. शुक्रवारपर्यंत गटावर कळवलं की नाव लागतं.