डेरिनला घरी येऊन आठ महिने झाले

लेकीच्या तेराव्या वाढदिवसाला स्कॉट वेस्टरफेल्डची ‘लेव्हायथन’ मालिका घेतली. पहिला भाग २००९ चा, तिसरा २०११ चा. तेव्हाच लिहिलं असतं तर पाच तारे देऊन मोकळी झाले असते. आता तिन्ही भाग संपलेत, पहिला तर दोनदा, त्यामुळे जरा हात राखून लिहितेय.

काळ १९१४ चा. महायुद्ध पेटतंय, पण इथे इंग्रजांकडे डार्विनच्या विद्येतून घडवलेले प्राणी आहेत आणि जर्मन-ऑस्ट्रियन बाजूकडे पायांवर चालणारी लोखंडी धुडं. लेव्हायथन म्हणजे देवमाशापासून बनवलेलं जिवंत हवाई जहाज. पंधरा वर्षांची डेरिन मुलाचे कपडे चढवून, डिलन हे नाव घेऊन हवाई दलात घुसते. सुरुवातीलाच एका जेलीफिशसारख्या प्राण्याला लटकून ती वर जाते आणि वादळ तिला थेट लंडनवरून उडवत नेतं. हे प्रकरण मी रात्री इंग्रजीतून वाचत मराठीत सांगत होते. दिवा मालवायला साडेबारा वाजले आणि सकाळी ठाण्याहून नेहमीची लोकल हुकली.

डेरिन आवडली ती तिच्या भीतीमुळे. वडील बलूनच्या अपघातात गेलेत, तरी उंचीचं तिला काही वाटत नाही. धास्ती आहे ती पकडलं जाण्याची. मुलांसारखं चालायचं, शिव्या द्यायच्या, बढाया मारायच्या, हे सगळं रोज निभवायचं. धाडसी नायिका म्हणून नुसती तलवार फिरवणारी मुलगी पुष्कळ गोष्टींत असते. ही रोज स्वतःला लपवते, आणि ते जास्त दमवणारं आहे.

दुसरा नायक अ‍ॅलेक हा ऑस्ट्रियाचा युवराज आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांडचा काल्पनिक मुलगा. खरा आर्चड्यूक २८ जून १९१४ ला सारायेव्होत गोळीने मेला. इथे विषाने मरतो. खरं काय आणि रचलेलं काय, हे लेखक शेवटी स्वतःच सांगतो. लेक आता आधी तेच पान काढते. जहाजावरच्या डॉक्टर बार्लो म्हणजे डार्विनची खरीखुरी नात, हे कळल्यावर तर ती उडालीच.

आता तक्रारी. ‘गोलायथ’ या तिसऱ्या भागात डेरिन अ‍ॅलेककडे बघण्यात फार वेळ घालवते. मला कंटाळा आला, लेकीला नाही (वय!). कीथ थॉम्प्सनची चित्रं मात्र अप्रतिम. त्यांच्यावरून तिच्या दोन वह्या भरल्या. आमच्या प्रतीची बांधणी तिसऱ्या महिन्यात सुटली, डिंकाने चिकटवलीय.

मधे मी तिला जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ वाचून दाखवली. १७६१ मध्ये विश्वासरावांना गोळी लागलीच नाही, मराठे जिंकले, तर पुढे काय? गोष्ट तिला बेहद्द आवडली. मग म्हणाली, “पण आई, यात मुलगी कुठेय?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

उत्तर तिनेच शोधलं. आपलं ठाण्याचं कारागृह म्हणजे जुना किल्ला. १८१६ मध्ये तिथे इंग्रजांच्या कैदेत असलेले दुसऱ्या बाजीरावाचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे निसटले. असं सांगतात की खिडकीखाली घोड्याचा खरारा करणारा एक मोतद्दार मराठीत गाणं म्हणत होता, आणि सुटकेचा सगळा बेत त्या गाण्यातच होता. पहारेकरी गोरे, त्यांना ओ की ठो कळलं नाही. ही हकिगत मी एकदा तिथून रिक्षाने जाताना सहज सांगितली होती.

तिच्या वहीत तो मोतद्दार मुलगी आहे. फेटा बांधलेली, आवाज जाड करून गाणारी. अकरा पानं झालीत आणि गोष्ट अडलीय, कारण पहाऱ्यावरच्या एका गोऱ्याला तिने मराठी येतं असं ठरवलंय.